नांगरावर कॉफी: शेगडी पेटवण्याआधीपासून गाळ काढेपर्यंत

भर समुद्रात शिडं ताणलेली असताना सगळे सावध असतात. एकदा नांगर पडला, शीड उतरलं, की माणसं घरच्यासारखी वागायला लागतात. अर्धी चड्डी, पाय अनवाणी, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात उकळत्या पाण्याची किटली. नेमकी तेव्हाच एखादी मासेमारीची बोट शेजारून भरधाव निघते. ती पुढे गेल्यावर काही सेकंदांनी तिची लाट आपल्यापर्यंत पोचते, आणि तोवर आपण तिला विसरलेलो असतो.

म्हणून नांगरावरच्या कॉफीचा माझा नियम एकच आहे. उकळतं पाणी उघड्यावरून या भांड्यातून त्या भांड्यात जितक्या कमी वेळा जाईल तितकं बरं. भांडं कुठलं, पावडर कुठली, कधी करायची, हे सगळं या एका नियमावरून ठरतं. पुढचं सगळं पंचवीस ते पस्तीस फुटी शिडाच्या बोटीसाठी आणि ऑक्टोबर ते मे या कोकणच्या मोसमासाठी लिहितो आहे.

आधी वर, मग खाली

गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, उतरण्याआधी डेकवर उभं राहून तीन गोष्टी बघायच्या. पहिली, नांगर धरून आहे का. किनाऱ्यावरच्या एकामागे एक येणाऱ्या दोन खुणा आदल्या संध्याकाळीच धरून ठेवा, समजा देवळाचा कळस आणि त्यामागचा टॉवर. बोट नांगराभोवती फिरते तशी ही रेष थोडी इकडेतिकडे होणारच. पण ती एकाच बाजूला सरकत राहिली तर कॉफीचा विचार सोडा. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, गळत असताना नांगर ओढू लागला तर खाली कुणाला कळत नाही.

दुसरी, बोटीचं तोंड कुठे आहे आणि हेलकावा कुठून येतो आहे. ही सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा थांबून सांगतो.

हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे मतलई वाहते, जमिनीकडून समुद्राकडे. मुरूडसारख्या पश्चिमेला उघड्या किनाऱ्यासमोर नांगर टाकला असेल तर सकाळी बोटीचं तोंड किनाऱ्याकडे असतं आणि समुद्राची लांब लाट मागून येते. बोट पुढेमागे उचलली जाते, पण आडवी लोळत नाही. हे चालतं. पुढेमागे होणाऱ्या हालचालीत भांडी सहसा जागची हलत नाहीत. मग नऊ-दहाच्या सुमारास मतलई मरते आणि दुपारचा वायव्येचा वारा अजून उठलेला नसतो. या मधल्या पोकळीत बोटीला धरून ठेवणारं काहीच नसतं. ती कशीही फिरते, बऱ्याचदा लाटेला आडवी पडते आणि डोलकाठी घड्याळाच्या लंबकासारखी या कुशीवरून त्या कुशीवर जायला लागते. पाणी बघितलं तर आरशासारखं, आणि गॅलीत मात्र उभं राहवत नाही. थोडक्यात, उघड्या किनाऱ्यावर कॉफी मतलई वाहत असतानाच उरकून घ्यावी.

खाडीत गणित वेगळं. जयगड, दाभोळ, विजयदुर्ग अशा ठिकाणी मंद वाऱ्यात बोट वाऱ्याचं न ऐकता पाण्याचं ऐकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणात, पहाटे पाच-सहाच्या सुमारास ओहोटी संपते. त्या वेळी पाणी थांबतं, बोट तोंड फिरवते आणि मध्येच आडवी येते. अर्धा-पाऊण तास थांबा. भरतीचा ओढा लागला की तोंड समुद्राकडे होतं आणि बोट त्या ओढ्यात स्थिर उभी राहते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, ओढा कमी असतो आणि पुन्हा वाराच बोटीला फिरवतो. मुंबईच्या बाजूला तर उधाणाला भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, त्यामुळे तिथे ओढ्याचा जोर आणखी जाणवतो. भरतीचं कोष्टक बोटीवर असतंच, नांगराची साखळी किती सोडायची ते त्यावरूनच ठरवलेलं असतं. कॉफीची वेळही त्याच कोष्टकावरून ठरवा.

बोट आडवी पडलीच आहे आणि तल्लफही थांबत नाही, तर एक उपाय आहे. मागच्या विंचवरून (दोरी ताणायच्या चक्रावरून) एक लांब दोरी बाहेरून पुढे न्यायची, नांगराच्या साखळीला रोलिंग हिचने, म्हणजे ताण आला तरी न सरकणाऱ्या गाठीने, बांधायची आणि मग साखळी काही मीटर आणखी सोडायची. आता मागची दोरी ताणून घेतली की बोटीचं तोंड तिरकं होतं आणि ते लाटेकडे वळवता येतं. एकट्याने करायचं तर दहा मिनिटांचं काम आहे, पण कॉफीनंतर नाश्ताही करायचाच असतो.

तिसरी गोष्ट, पुढच्या वीस मिनिटांत जवळून कोण जाणार आहे. मासेमारी बंदर जवळ असेल तर बोटी कधी बाहेर पडतात ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. मांडव्याच्या आसपास गेटवेच्या लाँचा आहेत, शिवाय २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोटही आहे. तिच्या वेळा छापील असतात. कुणीतरी कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत, बसलेलं असेल तर त्याला एकच काम द्या: लाट येताना दिसली की मोठ्याने “लाट!” म्हणायचं. खालच्याने लगेच किटली शेगडीवर किंवा सिंकमध्ये ठेवून आधार धरायचा. ओतत असलात तरी ओतणं थांबवायचं.

शेगडी

बोटीवरची बहुतेक भीती गॅसची असते, आणि ती खरी आहे. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात गळला तर उघड्या दारातून थोडा तरी निघून जातो. बोटीला दार वर असतं आणि तळ बंद. गळलेला गॅस पायऱ्या उतरल्यासारखा बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, जाऊन बसतो आणि ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलेंडर केबिनबाहेर, ज्या खणाचं पाणी थेट समुद्रात जातं अशाच खणात हवा. छोटे कॅनिस्टर वापरत असाल तर तेही तिथेच ठेवा. खाऱ्या हवेत त्यांचा पत्रा फार लवकर गंजतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एकेक हातात घेऊन त्याच्या कडा बघा.

पेटवण्याचा क्रम असा. वरची हॅच, म्हणजे छतातली झडप, उघडा आणि वारा खेळता करा. बंद केबिनमध्ये कुठलीही ज्योत कार्बन मोनॉक्साइड साठवते आणि त्याला वास नसतो. मग जमिनीजवळ नाक नेऊन वास घ्या. उभ्याने घेतलेल्या वासाचा उपयोग नाही. वास आला तर दिवा, पंप, पंखा, कशाच्याही बटणाला हात लावायचा नाही. सिलेंडर बंद करायचा आणि सगळ्यांनी वर यायचं. वास नसेल तर सिलेंडरचा कॉक उघडा, काडी किंवा लायटर आधी पेटवा आणि मग बर्नरचा कॉक फिरवा. विझवताना याच्या उलट: बर्नर जळत असतानाच सिलेंडर बंद करा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप मरू द्या आणि मग बर्नर बंद करा. दोन कॉफ्यांच्या मध्येसुद्धा. “परत करायचीच आहे” म्हणून सिलेंडर उघडा ठेवणारी मंडळी मला प्रत्येक बोटीवर भेटतात.

झुलती शेगडी (बोट कलली तरी सपाट राहणारी) असेल तर नांगरावरही तिची कडी काढूनच ठेवा. शांत खाडीत ती उगाच हलेल, हलू द्या. लाट आल्यावर कडी काढायला वेळ मिळत नाही. भांड्याला धरणारे चिमटे मात्र घट्ट आवळा. शेगडी झुलती नसेल तर खोल आणि रुंद बुडाचं भांडं घ्या आणि निम्म्याच्या वर भरू नका.

कॉकपिटमध्ये कॅम्पिंगची शेगडी मांडणारे वाऱ्यासाठी चहूबाजूंनी पत्रा लावतात. कॅनिस्टर बर्नरच्या खालीच असेल तर हे करू नका, पत्र्याच्या आत कॅनिस्टर तापतो. एकाच बाजूने आडोसा पुरे.

रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह अजून काही जुन्या बोटींवर दिसतो. त्याच्या रॉकेलमुळे बिल्जमध्ये स्फोटाची भीती खूपच कमी असते, पण तो आधी नीट तापवला नाही तर हातभर भडका उडतो. पिन मारायची सवय असलेली पिढीही आता बोटीवर चढत नाही. स्पिरिटची शेगडी सोपी असते, पण पाणी उकळायला वेळ फार घेते, आणि गरम शेगडीत स्पिरिट कधीच भरायचं नसतं.

विजेच्या किटलीबद्दल हल्ली सगळे विचारतात. हिशेब सोपा आहे. अर्धा लिटर पाणी २८ अंशांवरून उकळायला साधारण ४२ वॉट-तास लागतात. वाया जाणारी ऊर्जा धरून ५० धरा. बारा व्होल्टच्या बॅटरीतून हे चार-साडेचार अँपिअर-तास झाले, म्हणजे फार नाही. अडचण वेगाची आहे. हजार वॉटची किटली इन्व्हर्टरमधून बॅटरीकडे नव्वदच्या आसपास अँपिअर मागते. लिथियमची बॅटरी आणि जाड वायरिंग असेल तर खुशाल वापरा, ज्योतच नको. साध्या शिशाच्या शंभर अँपिअर-तासांच्या एका बॅटरीवर नको. व्होल्टेज कोसळतं आणि नंतर इंजिन सुरू करताना त्याची किंमत कळते. तेवढंच पाणी गॅसवर उकळायला सहा-सात ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे पाच किलोच्या सिलेंडरमध्ये सहाशेच्या वर किटल्या. गॅस संपेल म्हणून कॉफीची काटकसर करायचं कारण नाही.

भांडं कुठलं

काचेचं फ्रेंच प्रेस बोटीवर आणूच नका. स्टीलचं चालेल, पण त्याचा गाळ धुणं हा वैताग आहे. एरोप्रेस प्लॅस्टिकचा, हलका, न फुटणारा. पण मगवर उभा करून वरून जोर द्यायचा असतो, आणि दोन्ही हात त्यातच अडकलेले असताना बोट कलली तर सगळंच कलतं. वापरायचाच तर सिंकच्या आत उभा करून वापरा. मोका पॉट, हा १९३३ चा इटालियन शोध, माझ्या नियमात चांगला बसतो. पाणी आत, पावडर आत, कॉफीही आत, ओतायची फक्त शेवटी. फक्त बोट बरीच डोलत असेल तर खालच्या भांड्यातलं पाणी नळीच्या टोकापासून बाजूला सरकतं, नळीत वाफ शिरते आणि कॉफी वर चढायच्या ऐवजी थुंकत येते. ॲल्युमिनियमचा नको, खाऱ्या हवेत त्यावर पांढरट बुरशीसारखे डाग धरतात. स्टीलचा घ्या.

इन्स्टंटला नाक मुरडणारा मी नाही. खूप डोलत असेल तर तीच करावी. मात्र बाटली नको, एकेका कपाच्या पुड्या घ्या. कोकणच्या दमट हवेत उघडलेल्या बाटलीतल्या कॉफीचा चार दिवसांत दगड होतो.

पण रोजच्यासाठी माझं मत दक्षिणी फिल्टरला. दोन मजली (वरच्यात पावडर आणि पाणी, खालच्यात गळलेलं डिकॉक्शन), झाकणाचा, स्टीलचा, कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळणारा. उकळतं पाणी त्यात एकदाच ओतायचं, तेही झाकण लावून विसरायचं. आणि खरी गंमत अशी की ते सकाळी ओतावंच लागत नाही.

कृती: निम्मी रात्री, निम्मी सकाळी

१. संध्याकाळी, नांगर नीट बसला आहे याची खात्री झाल्यावर आणि जेवणाची भांडी आवरायच्या आधी फिल्टर काढा. आतून कोरडा पुसा. ओल्या जाळीवर पावडर चिकटून भोकं बुजतात.

२. तीन कपांसाठी ३० ग्रॅम पावडर, म्हणजे शिगोशीग भरलेले चार-पाच मोठे चमचे. चिकोरी असलेली घ्यायला हरकत नाही. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. ८०:२० घ्या. चिकोरी वाढली की डिकॉक्शन दाट होतं पण गळायला वेळ लागतो. पावडर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आठवड्याला पुरेल एवढीच बाहेर, बाकी सीलबंद.

३. दांडीची जाळीदार चकती पावडरवर ठेवून हलकेच दाबा. घरी ही चकती काढून टाकणारे पुष्कळ आहेत. बोटीवर ती हवीच. नाहीतर बोट कलली की पावडर एका बाजूला सरकते, दुसऱ्या बाजूला थर पातळ होतो, पाणी तिथूनच पळून जातं आणि खाली पिवळट पाणी जमतं.

४. फिल्टर सिंकमध्ये उभा करा, ओल्या फडक्यावर. ओलं फडकं भांड्याला सरकू देत नाही. खणात अंथरायची रबरी जाळीही चालते.

५. पीव्हीसीचा लांब एप्रन बांधा किंवा पावसाळी पँट चढवा. पाय झाकलेले हवेत. शेगडीच्या समोर उभं न राहता एका बाजूला, कंबर ओट्याला टेकवून उभे राहा. किटलीची चोच बोटीच्या लांबीच्या दिशेने धरा, म्हणजे बोट आडवी कलली तरी किटली आपोआप जास्त वाकत नाही. १५० मिली उकळतं पाणी दोन टप्प्यांत ओता: आधी पावडर भिजेल एवढं, अर्ध्या मिनिटाने उरलेलं. झाकण लावा.

६. वीस मिनिटं ते अर्धा तास. पावडर आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, म्हणून खाली ९० मिलीच्या आसपास डिकॉक्शन मिळेल. ते छोट्या स्टीलच्या थर्मासमध्ये काढा. थर्मास उष्णतेसाठी नाही, न सांडणारं झाकण म्हणून. डिकॉक्शन रात्रभर बाहेर टिकतं, एप्रिल-मेच्या उकाड्यातही सकाळपर्यंत काही होत नाही. दूध मात्र त्यात घालून ठेवू नका.

७. सकाळी फक्त दूध. टेट्रापॅकमधलं २०० मिलीचं दूध न उघडता महिनोन्महिने फ्रिजशिवाय राहतं, आणि उघडलं की तीन कपांत संपतं. दूध पावडर वापरायची तर १०० मिलीला १३ ग्रॅम, आधी गार पाण्यात कालवून मग तापवायची, थेट गरमात टाकली की गुठळ्या होतात. दूध उकळू देऊ नका. कडेला बुडबुडे दिसले की बस. घरी ऊतू गेलेलं दूध पुसता येतं, बोटीवर ते शेगडीखालच्या फटीत शिरतं आणि त्याचा आंबूस वास मोसम संपेपर्यंत मुक्काम करतो.

८. कॉफीचे मग सिंकमध्ये उभे करा. रुंद बुडाचे, स्टीलचे, झाकणवाले. प्रत्येकात आधी ३० मिली डिकॉक्शन आणि साखर, मग दूध, दोन तृतीयांश भरेपर्यंतच. भरलेला मग पायऱ्यांवरून हातात घेऊन चढायचं नाही. खालच्याने वरच्याच्या हातात द्यायचा, आणि वरच्याने “धरला” म्हटल्यावरच सोडायचा.

दाक्षिणात्य मित्र बरोबर असेल तर तो डबरा-टंबलर (वाटी आणि पेला) काढून हातभर उंचीवरून फेस काढू बघेल. जेटीला लागल्यावर काढ म्हणावं.

आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे जायफळ-वेलची घातलेली दुधाची गोड कॉफी. तीही या कृतीत बसते. जायफळ मात्र घरूनच किसून, पिठीसाखरेत मिसळून आणा. डोलत्या बोटीत किसणीवर बोटाचीच सालं निघतात. दूध तापायला ठेवतानाच चिमूटभर घाला, वरून भुरभुरवलं तर स्वाद नीट उतरत नाही.

पाण्याबद्दल एवढंच: टाकीतलं पाणी धुण्याला, कॉफीला वेगळा कॅन. महिनाभर टाकीत राहिलेल्या पाण्याची चव कुठलीही चिकोरी झाकू शकत नाही.

भाजलं तर

लगेच गार, वाहतं पाणी, पूर्ण २० मिनिटं. प्यायचं पाणी जाईल म्हणून इथे हात आखडता घेऊ नका, तांब्याने ओतत राहा. अंगठी, घड्याळ, ओले कपडे सूज यायच्या आत काढा, कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. नंतर स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पातळ फिल्म हलकेच वरून ठेवा, गुंडाळून आवळू नका. तळहातापेक्षा मोठी जखम, किंवा चेहरा, हात, सांधे यांवर फोड आले तर नांगर उचला किंवा डिंगीने (बोटीबरोबरच्या छोट्या होडीने) किनारा गाठा. फायर ब्लँकेट आणि अग्निशामक शेगडीच्या मागे टांगू नका. आग लागली तर त्यासाठी ज्योतीवरून हात घालावा लागेल. दोन्ही गोष्टी पायऱ्यांजवळ, बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा.

गाळ

सिंकमध्ये ओतायचा नाही. बोटीच्या सिंकची नळी अंगठ्याएवढी, वळणावळणाची. कॉफीचा गाळ तिथे थर धरतो आणि एक दिवस खालचा व्हॉल्व्हच जाम होतो. “नैसर्गिकच आहे” म्हणून समुद्रातही नाही. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अन्नाचा कचरा किनाऱ्याजवळ टाकायला मनाई आहे, न दळलेल्यासाठी १२ सागरी मैलांची मर्यादा आहे. आपण नांगर टाकलेला असतो तो किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर. फिल्टर उलटा करून डब्याच्या कडेवर आपटा, गाळाची वडी अखंड पडते. उरलेलं वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसा आणि डबा जमिनीवर नेऊन कुठल्याही झाडाच्या बुंध्यात रिकामा करा.

धुवायला खारं पाणी वापरायचं तर उघड्या समुद्रातलं, बंदरातलं किंवा खाडीतलं नको. शेवटचा हात गोड्या पाण्याचाच. मीठ राहिलं की चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. साबण नको, जाळीत त्याचा वास राहतो. दोन्ही मजले वेगळे ठेवून वाळवा. ओले एकात एक बसवून ठेवलेत तर संध्याकाळी ते सुटता सुटत नाहीत. आणि काही आठवड्यांनी डिकॉक्शन गळायला तास लागायला लागला, तर पावडरला दोष न देता वरचा मजला सांडशीत धरून त्याची जाळी मिनिटभर ज्योतीवर फिरवा. भोकांत अडकलेला गाळ जळून जातो, गार झाल्यावर ब्रशने झाडला की फिल्टर नव्यासारखा गळतो.